तुमच्या विहिरीचं पाणी

बाई, गेल्या महिन्यात मी तुमच्या स्वयंपाकघरात उभी होते. ओट्यापाशी, जिथे तुम्ही मला कधी येऊ दिलं नाहीत. आमच्या कंपनीकडे राऊ गावातला एक पत्ता आला होता, घरच्या विहिरीच्या पाण्यासाठी आरओ बसवायचा होता. आडनाव वाचलं आणि ते काम मी मागून घेतलं. अशा कामाला इंजिनिअर जात नाही, फिटर जातो. मी गेले. तुम्ही वारलात तेव्हा मी बारावीत होते, आणि रडले नव्हते.

विज्ञान तुम्हीच शिकवलंत आणि उत्तम शिकवलंत, हे मी नाकारत नाही. आठवीत मी शाळा सुटली की थेट तुमच्याकडे शिकवणीला यायचे. फी तुम्ही घेत नव्हता. पहिल्याच दिवशी विचारलंत, "तुमच्या घरी देव कुठला गं?" मी म्हटलं, "देव नाही बाई, बुद्ध आहेत. आम्ही महूचे. पणजोबा फौजेत होते." तुम्ही "अच्छा" म्हणालात, बस. दुसऱ्या दिवशी मला तहान लागते, मी उठून माठाकडे जाते आणि मागून तुमचा आवाज येतो, "माठाला हात नको. मी देते." स्टीलचा ग्लास, तळाला बाहेरून नेलपॉलिशचा लाल ठिपका. बाकीच्या मुलींचे ग्लास मांडणीत असायचे, हा खिडकीत पालथा. मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठी खास ठेवलाय. घरी जाऊन आईला ऐटीत सांगितलं, "बाईंकडे माझा वेगळा ग्लास आहे. फक्त माझा." आई पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. तव्यावरची पोळी उलटून ती म्हणाली, "उद्यापासून बाटली घेऊन जात जा." मी म्हटलं, "पर वहाँ पानी है ना, आई!" ती म्हणाली, "त्यांच्याकडून शिकून सगळं घे. पाणी आपलं पी." दहावीपर्यंत मी बाटली नेली. का, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. ग्लास मात्र खिडकीतून हलवला नाहीत.

तुमची सून चांगली आहे. देवासची, तुमच्यानंतर या घरात आलेली. मी कोण, हे तिला माहीत नाही. मी विहिरीच्या पाण्यात मीटर बुडवला, क्षारांचा आकडा तेराशेच्या वर गेला. "मला माहीतच होतं मॅडम," ती म्हणाली, "ह्या पाण्यात तूरडाळ शिजतच नाही. शिट्ट्या मोजून थकले मी. आणि ये देखो." ती बैठकीत गेली आणि तुमच्या फोटोपुढचा ग्लास घेऊन आली. आतून-बाहेरून पांढरा थर चढलेला. "आईंपुढे रोज ताजं पाणी ठेवते. कितना भी घिसो, ये सफेदी जाती ही नहीं."

मी वाडग्यात लिंबाचं सत कालवलं आणि ग्लास त्यात ठेवला. बुडबुडे उठले, थर सुटत गेला. अशा वेळी काय होतं त्याचं समीकरण तुम्हीच मला फळ्यावर लिहून दाखवलं होतं. ग्लास बाहेर काढून धुतला. तळाला लाल ठिपका.

"हा त्यांचा एकदम खास," सून म्हणाली. "हे सांगतात, आई हा कुणालाच वापरू द्यायच्या नाहीत. खिडकीत अलग ठेवायच्या. म्हणून आम्ही तोच फोटोपुढे ठेवला. बरोबर आहे ना?"

मी हात पुसले. एक वाक्य पुरलं असतं, बाई. ती शरमली असती, बहुतेक माझी माफी मागितली असती, आणि ग्लास तिथून उचलला असता. तिने तो उचललेला मला नको होता.

"अगदी बरोबर," मी म्हणाले. "हाच ठेवत जा."

मग काम केलं, नीट केलं. वाळूचा फिल्टर, कार्बन, मेम्ब्रेन, ओट्यावर नळ. एकही जोड गळत नाही. नव्या मेम्ब्रेनमधून येणारं पहिलं पाणी टाकून द्यायचं असतं, ते टाकलं. नंतर मीटर साठवर स्थिरावला. तो ग्लास मी माझ्या हाताने भरला, बैठकीत नेला आणि तुमच्यापुढे ठेवला. सून मागून म्हणत होती, "अहो, तुम्ही कशाला, मी ठेवते ना." फोटोत तुमचे ओठ मिटलेले आहेत. आता तुमच्या घरातला प्रत्येक घोट मी जोडलेल्या नळीतून येतो, देवाच्या तांब्यातलासुद्धा. आणि तुम्हाला पाणी मिळतं ते माझ्या ग्लासात, रोज, हात जोडून. देखभालीलाही मीच जाणार आहे. गेले की आधी बैठकीत बघेन.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. म्हणून तेवढं एक सांगून टाकते. निघताना सुनेने त्या नळाचं पाणी माझ्यापुढे धरलं, त्यांच्या रोजच्या ग्लासात, मांडणीतल्या. "पहिलं तुम्हीच प्या मॅडम, तुमच्या हातचं आहे." मी म्हणाले, मीटर बघितलाय, पाणी उत्तम आहे. तसं सही करून दिलं. चाखलं नाही. दिवसभर उन्हात विहिरीपाशी राबून घसा कोरडा पडला होता. फाटकाबाहेर स्कूटरपाशी गेले, डिकीतून माझी बाटली काढली आणि तिथे उभं राहून ते कोमट पाणी संपवलं.