भाजक्याचा चेहरा

उल्हासनगर कॅम्प १,
दि. १७ नोव्हेंबर १९९१

प्रिय देऊ,

रामराम. आम्ही इथे बरे आहोत, तुम्ही तिकडे बरे असाल असं धरून चालतो. धरून चालण्यातच माझी सहा वर्षं गेली. तुळशीवहिनींना नमस्कार. पत्र तुझी लेक जिवलीच वाचून दाखवणार हे ठाऊक आहे, तेव्हा तिला आशीर्वाद आणि एक विनंती: पोरी, मध्ये थांबू नकोस आणि काही गाळू नकोस.

तुझ्या कुंदावहिनीला शिलाईचं काम बरं मिळतंय. कारखाना सोडून मला चार वर्षं झाली. हल्ली मी इथल्या एका छापखान्यात चित्रं काढतो. मिठाईच्या खोक्यांवरचे पेढे, जीन्सच्या लेबलांवरचे वाघ, जे सांगतील ते.

गेल्या वर्षी छापखान्याच्या शेठना मी एक चित्रकथा काढून दिली, ‘वाफाड्या’. नाव तुला नवं वाटेल, गोष्ट नाही. अंबरनाथच्या कारखान्यात आपण दोघं बॉयलरवर होतो, तेव्हा तूच सांगितली होतीस. आगवाल्याच्या फावड्यावर हनुवटी टेकून म्हणायचास, “ह्यो बॉयलर नाय आनंदा, जनावर हाय. त्याला पंख हाईत, पन कुनी सांगलंच नाय त्याला.” मी त्या जनावराला एक शहर दिलं. वाफेवर उडणारी पितळी जहाजं, दातेरी चाकांचे पूल, आणि मधोमध पत्रे ठोकून बसवलेला ड्रॅगन, जो स्वतःला भट्टीच समजतो. शेवटी त्याला कळतं की आग कोळशाची नाही, त्याची स्वतःची आहे. तीन अंक निघाले. पोरांच्या उड्या पडल्या. वर मोठ्या अक्षरांत माझं नाव.

तुला न विचारता तुझी गोष्ट घेतली. पण तेवढ्यासाठी पत्र लिहिलं नसतं. तू हसून “घे की” म्हणाला असतास.

पहिल्या अंकाच्या वेळी शेठ म्हणाले, “आनंदभाई, ड्रॅगन बढिया है, पण व्हिलन पाहिजे. ऐसा थोबडा, बच्चा एक बार देखे तो भूले नहीं.” मला कितीतरी तोंडं काढता आली असती. काळा चष्मा, सोन्याचा दात, मिशा. हाताने काढला तो डाव्या गालापासून कानापर्यंत भाजलेला, एक डोळा खाली ओढलेला चेहरा. नाव ठेवलं भाजक्या. वाफाड्याला साखळदंडाने बांधून ‘तू भट्टीच आहेस’ म्हणत चाबूक मारणारा. हाताने काढला म्हणतोय बघ, जसा काही हात शेजाऱ्याचा होता. तुझा चेहरा काढला, देऊ. सुरकुत्यांसकट.

तू अंक पाहिला नसशील असं मला वाटत होतं. दिवाळीआधी अंकांचे गठ्ठे द्यायला मी बदलापुरात आलो होतो. तिथे शिरगावच्या बाजारात तू डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालला होतास आणि मागे सात-आठ पोरं. “भाजक्या आला रे! चाबूक कुठाय?” एकाच्या हातात माझा अंक होता. तुझ्याबरोबर चाललेल्या जिवलीने दगड उचलला. तू म्हणालास, “ऱ्हाऊ दे गो, पोरां हाईत ती.” मी काय केलं माहीत आहे? गठ्ठ्याआड तोंड लपवलं. तू जाईपर्यंत तसाच उभा राहिलो. मग चहाच्या टपरीवरच्या विठाबाईंनी आपणहून सांगितलं, “पोरगी शाळंत जायची बंद झालीय. कुन्या भाड्यानं चित्रं काढलीत म्हनं तिच्या बापाची.” मी तो चहा पिऊ शकलो नाही.

त्या दिवसापासून स्वतःला विचारतोय, तुझाच चेहरा का? उत्तर मला पहिल्यापासून माहीत होतं.

जिवली, इथून हळू वाच. बॉयलरला आतलं पाणी किती ते दाखवणारी काचेची नळी असते आणि तिच्याभोवती जाड काचेचं गार्ड असतं, नळी फुटली तर माणूस वाचावा म्हणून. मला त्या नळीतल्या पाण्याचं चित्र काढायचं होतं. नीट दिसेना, म्हणून मी गार्ड काढलं. चित्र छान झालं. त्या नादात गार्ड परत बसवायचं राहून गेलं. थोड्या वेळाने तुझा बा पाणी तपासायला वाकला आणि नळी फुटून उकळती वाफ त्याच्या तोंडावर आली.

देऊ, तू दवाखान्यात होतास तेव्हा चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, गार्ड कोणी काढलं? मी म्हणालो, “माहीत नाही साहेब, ड्यूटी देऊची होती.” त्यांनी ‘कामगाराचा हलगर्जीपणा’ असं लिहिलं आणि तुझी नोकरी गेली. तुला भेटायला आलो तर पट्ट्यांमधून तू मलाच म्हणालास, “माज्याच हातनं कवातरी ऱ्हायलं आसंल.” आणि मी मान हलवली. ती मान हलवलेली मला अजून आठवते, दाढी करतानासुद्धा. तुझा चेहरा दुष्ट माणसाचा ठरला की माझं पाप आपोआप तुझ्या गळ्यात जातं, असा माझा हिशेब असणार. लाज वाटते म्हणणंसुद्धा मला कमीच वाटतं.

शेवटच्या अंकात भाजक्याला भट्टीत टाकायचं होतं. तो अंक मी काढणार नाही, शेठना सांगून झालंय. त्यांनी कामावर ठेवलं तर ठेवलं. परवा, शुक्रवारी, कारखान्यात जाऊन खरं काय ते लिहून सही करून दिलं.

आणि जिवलीच्या हेडमास्तरांना भेटलो. पुढच्या सोमवारी, पंचवीस तारखेला, प्रार्थना झाली की मला दहा मिनिटं बोलू देणार आहेत. त्यांना वाटतंय मी चित्रं कशी काढतात ते शिकवायला येतोय. पोरांना मी सगळं सांगणार आहे. मग फळ्यावर भाजक्या काढीन, यावेळी माझ्या तोंडाचा. त्यांना चिडवायचं असेल तर समोर उभा असेन.

जिवली, तू पहिल्या रांगेत बस. देऊ, तू आलास तर दाराशी थांबू नकोस, आत ये. नाही आलास तरी मी बोलणार आहे.

गार्ड मी काढलं होतं.

आनंदा