पहिलं बोट तुझं

प्रिय हमीद,

सलाम. तुझ्या पायाबद्दल बोलायचंय, पण आधी एक नवल ऐक. गेले तीन शुक्रवार जुम्माची नमाज झाली की मी चर्चला जातोय! दचकू नकोस, रक्तदाबाचं मशीन घेऊन जातोय. इथं आखातात अल थुमामाला वर्ल्डकपचं स्टेडियम बांधतायत, तिथल्या क्लिनिकमधली माझी नर्सगिरी चालूच आहे. त्या चर्चचे पास्टर वॉल्टर तिथंच आले होते, मशीन आणि माणूस उसना मागायला. अमेरिकेतले काळे गृहस्थ, सत्तरीचे, आवाज असा की माइक नकोच. इथं सुट्टी शुक्रवारी, म्हणून त्यांची प्रार्थनाही शुक्रवारी.

प्रार्थना संपली की लोक बाह्या वर करून रांगेत बसतात. आपल्या गावात तपासणीचं शिबिर आलं की निम्मा मोहल्ला गायब! मग हे बरे बसतात? मला राहवेना, पास्टरांना विचारलंच. म्हणाले, त्यांच्या गावी काळ्या माणसांना इस्पितळात कधी धड वागवलंच नाही, त्यामुळे डॉक्टरवर कुणाचा भरवसा नव्हता. होता तो पास्टरवर. त्यांचे वडीलही पास्टर. ते नर्सला चर्चमध्येच बसवायचे, प्रवचनात मीठ कमी खा म्हणायचे. तरी कुणी फिरकेना. मग एका रविवारी त्यांनी सगळ्यांसमोर स्वतःचा हात पुढे केला आणि आकडा मोठ्यानं सांगितला. आकडा भयंकर होता. पुढच्या रविवारी रांग लागली. वॉल्टर अजूनही पहिला हात स्वतःचाच देतात.

ते ऐकल्यापासून तूच डोळ्यांसमोर आहेस. बिलकिसवर रागावू नकोस, माझी बहीण आहे, फोनवर रडत होती. टाचेची जखम दोन महिने भरत नाही आणि तू मोजे चढवून नमाज पढवतोस. आजार बरा व्हावा म्हणून लोक तुझ्याकडून पाणी पढून नेतात, त्या इमामालाच शुगर आहे हे कळलं तर काय म्हणतील, हीच भीती ना? अरे वेड्या, पाय गेल्यावर कुठले मोजे घालशील? मला फार भीती वाटते रे.

आपल्या मोहल्ल्यातला मन्सूर गुरुवारी इथून गावी येतोय, त्याच्याकडे शुगर तपासायचं मशीन दिलंय. जुम्मानंतर सगळ्यांसमोर पहिलं बोट तुझं टोच, आकडा मोठ्यानं सांग, आणि शनिवारी बिलकिससोबत रत्नागिरीला डॉक्टरकडे जा. डिसेंबरात मी सुट्टीवर येतोय. तुझ्या मागं नमाज पढायचीय मला, आणि तू पुढं दोन्ही पायांवर उभा हवास.

तुझाच मेव्हणा,
कमाल