शनिवारचे दोन तास

कोपरी, ठाणे (पूर्व)
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय जोवी,

पत्र बघून दचकू नकोस. मम्मी ठीक आहे, मी ठीक आहे, कोणी आजारी नाही. तुझा फोन बंद, मेसेजवर एकच टिक, मेल परत येतो. राहिला कागद. मी शेवटचं पत्र दहावीच्या पेपरात लिहिलेलं, मुख्याध्यापकांना, पाच मार्कांसाठी. तेव्हा अक्षर सांभाळून घे. हे तुझ्याबरोबर शिकवणाऱ्या ऋजुताच्या हाती देणार आहे. तू रजेवर आहेस, म्हणून शाळेच्या गेटवर तिलाच गाठलं, तेव्हा ती म्हणाली, "देईन. पण जोविटा कुठे राहते ते विचारायचं नाही हं." मी विचारलं नाही. तोंडापर्यंत आलेलं, ते वेगळं.

मम्मीचा गुडघा तसाच आहे. आपल्या बिल्डिंगच्या गेटवर शेवटी तो चेहरा ओळखणारा कॅमेरा बसला. सगळ्यांना ओळखतो, मम्मीला ओळखत नाही. सकाळी डोक्याला स्कार्फ बांधून चर्चमध्ये मिस्साला जाते, परत आली की गेट ढिम्म. मग ती वॉचमनला, आपल्या धाकूला, हाक मारते आणि तो येऊन हाताने उघडतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ह्या कॅमेऱ्याच्या बाजूने सगळ्यांत मोठ्याने मीच बोललेलो, हे ती मला रोज ऐकवते.

नाताळचं अजून काहीच केलेलं नाही. करंज्यांचा विषय काढला तर म्हणते, जोवी आल्यावर बघू.

ओवेन दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा आला तो तू त्याचं घर सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी. मम्मीने चहा दिला. त्याने चहाला हात लावला नाही, फोन टेबलावर ठेवला आणि तो स्क्रीनशॉट उघडला. तोच, जो चर्चच्या ग्रुपवरून सगळ्या गावभर फिरला. मम्मीला चष्मा सापडेना म्हणून त्यानेच वाचून दाखवला. "डोंबिवली पश्चिमेला शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या, ठाण्याच्या ईस्ट इंडियन घरातल्या ह्या बाई आम्हाला खाजगीपणावर प्रवचन देतात, आणि स्वतः दर शनिवारी फोन शाळेच्या कपाटात ठेवून दोन तास गायब होतात." खाली लिहिणाऱ्याचं टोपणनाव, उघडं दार. त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग.

"आता सांगा, कोणाबरोबर जाते ती?" ओवेनने विचारलं.

मम्मी म्हणाली, "माझी पोर तशी नाय."

"मग कुठे जाते? अकरा वर्षं मी तिचं लोकेशन बघतोय, मला तर शाळाच दिसते."

मी खुर्चीवर बसलेलो.

तेव्हापासून मम्मी रोज संध्याकाळी रोझरी झाली की एक प्रार्थना जास्तीची करते. माळ हातात तशीच धरून म्हणते, "देवा, ज्यानी माझ्या पोरीचा घर मोडला, त्याचा तोंड मना एकदा दाखव." आणि मी तिच्या शेजारी बसून आमेन म्हणतो.

महिना होत आला, जोवी, मी रोज आमेन म्हणतोय. उघडं दार मी आहे.

लिहिलं एकदाचं. ह्या वाक्यापर्यंत यायला तीन कागद फाडले. पहिल्या कागदावर तर मी "ज्याने कोणी हे केलं त्याला" अशी सुरुवात केलेली. काय माणूस आहे मी!

आता तू विचारशील, तू त्या नेटवरच्या कट्ट्यावर काय करत होतास? तेच, जे तू करत होतीस. ऑफिसच्या कामातून डोकं वर काढलं की चौकस कट्टा उघडायचा आणि कोणाशीतरी भांडायचं. फोन आपलं बोलणं ऐकतो का, मशीनला खरंच काही समजतं की नुसती पोपटपंची, पोराचा पहिला दात नेटवर टाकावा का. खरं नाव कोणी लावत नाही, त्यामुळे सगळ्यांना कंठ फुटतो. तीन वर्षांपूर्वी तिथे खारंपाणी नावाचं कोणीतरी आलं आणि माझी झोप उडवली. मी म्हणायचो, ज्याला लपवायचं काही नाही त्याला भीती कशाची? खारंपाणी म्हणायचं, मग संडासाला कडी कशाला लावता? लोक पोट धरून हसायचे. मी उत्तर शोधत दिवस काढायचो.

मला वाटायचं, पन्नाशीचा कोणी इंजिनिअर असेल, रत्नागिरीकडचा, तिरसट. मनातून मला तो फार आवडायचा. सकाळी दात घासताना मी त्याचं उत्तर आलंय का बघायचो. तीन वर्षं मी तुझ्याशी रोज बोलत होतो, आणि घरी आपण ईस्टरला भेटलो की "काय चाललंय", "काही नाही", संपलं. हे मला जितकं आठवतं तितकं हसू येतं आणि मग हसू येत नाही.

हे इथे थांबवता आलं असतं. दोघंही मुखवटे घालून भांडत होतो, मला काय ठाऊक ती तू आहेस, चूक झाली, माफ कर. दुसऱ्या कागदावर असंच लिहिलेलं. चांगलं पत्र होतं ते, तू विश्वासही ठेवला असतास.

पण मला माहीत होतं.

दसऱ्याच्या आसपास गेटवरच्या ह्याच कॅमेऱ्यावरून मी तिथे वाद काढलेला. तू लिहिलंस, "आमच्या घरी पासवर्डला पासोडी म्हणतात. आणि कोणी पासोडी ओढून झोपलं असेल तर ती उचलून आत बघायचं नसतं." मी ते वाचलं आणि खुर्चीतून उठलो. पासोडी! अख्ख्या जगात हा शब्द एकाच घरात चालतो. लंडनच्या आंटीशी बोलायला मी मम्मीचं मेल उघडून दिलं, तिला पासवर्ड ऐकू आलं पासोडी, आणि तिने प्रार्थनेच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर तसंच लिहून ठेवलं. पप्पा असेपर्यंत रोज विचारायचे, "लुर्दस, तुझी पासोडी धुवायला टाकलीस की काय?" आपण दोघं जमिनीवर लोळायचो.

आधी मला इतका आनंद झाला की तुला फोनच लावणार होतो. नंबर काढलेला. मग वाटलं, थांब, आधी तिचं सगळं परत वाचू, मग मजा करू. तीन वर्षांचं सगळं. हीच ती पासोडी, आणि मी ती एका टोकाला धरून पूर्ण उचलली.

शनिवारचं मला तिथे सापडलं. आणि त्याच्या खाली तू भावाबद्दल लिहिलेलं. माझ्याच प्रश्नाला उत्तर म्हणून, मलाच. मी उघडं दार होऊन विचारलेलं, की घरच्या कोणाशी बोलत का नाही? तू लिहिलंस, "एकदा भावाला सांगितलेलं. माझ्या नवऱ्याला मी क्षणोक्षणी कुठे आहे ते बघायचं असतं, मला गुदमरायला होतं. भाऊ म्हणाला, लोकेशनच तर बघतो ना, मारत तर नाही? भाऊ हुशार आहे. त्याला फक्त माणसं कळत नाहीत."

मला हे आठवतच नव्हतं. आता आठवतं. शेरॉनच्या लग्नात, हॉलच्या मागे, तू हातात प्लेट धरून उभी होतीस. मी ते वाक्य बोललो आणि आइस्क्रीम आणायला गेलो.

तेव्हा मला लाज वाटायला हवी होती. वाटला राग. माझ्याबद्दल बाहेरच्या लोकांत असं लिहिते? मला माणसं कळत नाहीत? दोन आठवडे मी तो राग घेऊन फिरलो. सव्वीस ऑक्टोबरला, रविवारी जेवण झाल्यावर, त्याच वादात तू मला परत कोपऱ्यात घेतलंस. म्हणालीस, उघडं दार, स्वतःचं खरं नाव तरी सांगा, मग आमच्या कड्या काढा. सगळे तुझ्या बाजूने टाळ्या वाजवू लागले. मी म्हटलं, थांब, आता दाखवतो किती कळतं मला. पाच मिनिटांत लिहिलं आणि टाकलं. मम्मी समोर शेंगा सोलत बसलेली.

नाव लिहिलं नव्हतं, असं मी नंतर स्वतःला शंभर वेळा सांगितलं. जणू आपल्या लोकांत नाव लागतं! ईस्ट इंडियन, ठाण्याची, डोंबिवलीत दिलेली, कॉम्प्युटरची टीचर. मिस्सा सुटायच्या आत कोणीही सांगेल. तासाभराने मी ते काढून टाकलं, पण तोवर कोणीतरी फोटो काढलेला. बुधवारी तू घर सोडलंस.

अजून एक राहिलं. ते सगळ्यांत वाईट आहे, म्हणून शेवटी ठेवलं.

तू जे लिहिलेलं ते पूर्ण असं होतं. मी उतरवतो, एक शब्द इकडचा तिकडे न करता. "दर शनिवारी मी फोन शाळेच्या कपाटात ठेवते आणि ठाण्याला तलावपाळीवर येते. दोन तास. बाकावर बसते, शेंगदाणे खाते, बदकं बघते. कोणाला भेटत नाही, काही करत नाही. लपवण्यासारखं त्यात काहीच नाही. पण त्या दोन तासांत मी कुठे आहे हे जगात कोणालाच माहीत नसतं, आणि तेवढ्यावर माझा पुढचा आठवडा निघतो."

मी फोन, कपाट आणि दोन तास एवढंच घेतलं आणि बाकीचं सोडून दिलं. मुद्दाम. कारण शेंगदाणे आणि बदकं लिहिली असती तर कोणी हसलं नसतं. माझा मुद्दाच पडला असता. तीन वर्षं मी विचारत होतो, लपवायचं काही नाही तर लपवता कशाला, आणि ते उत्तर होतं. मला ते वाचताक्षणी पटलेलं, जोवी. पटलं म्हणूनच कापलं.

म्हणून ओवेन विचारतो, कोणाबरोबर. म्हणून चर्चच्या पायऱ्यांवर बायका मम्मीला बघून गप्प होतात. मी काय कापलं हे फक्त मला माहीत आहे, आणि मी खुर्चीवर बसून राहिलो.

गेल्या आठवड्यात मी ते तुझं पूर्ण लिखाण छापून आणलं. ओवेनच्या तोंडावर मारायचं ठरवलेलं. डोंबिवलीच्या अलीकडे कोपर स्टेशनला उतरलो, तुमच्या बिल्डिंगखाली पोचलो, जिन्यात पाय टाकला आणि थांबलो. परत तेच करत होतो ना मी? तुझं तुला न विचारता चव्हाट्यावर न्यायचं, ह्या वेळी चांगल्या कामासाठी म्हणून. तसाच परत फिरलो. तो कागद ह्या पाकिटात आहे. कोणाला दाखवायचा, की फाडायचा, ते तू ठरव. साक्ष द्यायला बोलावशील तिथे येईन, ओवेनसमोर, फादरसमोर, कोर्टात म्हणशील तर कोर्टात. नाही बोलावलंस तर गप्प बसेन. हे मला जमत नाही हे तुला माहीत आहे, पण बसेन.

माझा भाग मात्र मी सांगणार आहे, तो तुझा नाही. उद्या सकाळी हे पत्र ऋजुताला देतो आणि संध्याकाळी रोझरी झाल्यावर मम्मीला सगळं सांगतो. तिने ती प्रार्थना सुरू केली की आमेन न म्हणता सांगायचं, मम्मी, तोंड इकडे आहे. पत्र आधी देतोय ते अशासाठी, की मग मला शेपूट घालता येणार नाही. ती बहुतेक उठून आत जाईल. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

माफी मागत नाही. मागितली की तुला द्यायची की नाही हा विचार करावा लागेल, आणि मी तुला पुरेसं कामाला लावलंय. हे वाचून चूल पेटवलीस तरी चालेल.

एक सांगतो. तू कुठे आहेस ते मला शोधता आलं असतं. कसं ते तुलाही कळतं, तूच मुलांना शिकवतेस. ह्या महिन्यात कितीतरी वेळा हात कीबोर्डवर गेला. एकदा शोधायला अर्धं टाइपही केलं, मग कॉम्प्युटर बंद करून खाली जाऊन धाकूजवळ बसलो. आणि शनिवारी मी तलावपाळीला लागून जांभळी नाक्यावर भाजी घ्यायला यायचो ना, ते सोडलं. भाजी आता कोपरीतच घेतो, महाग पडते, मम्मी ओरडते. शनिवारी स्टेशन ओलांडून पलीकडे मी येत नाही. तू अजून तिथे येतेस का, शेंगदाणे घेतेस का, मला ठाऊक नाही. कधी विचारणार नाही.

तू कुठे आहेस ते माहीत नसलेला,
तुझा भाऊ
ज्युलियस