रेश्मानंतरचा आगमनकाळ

२३ नोव्हेंबर, रविवार

गुरुवारी रेश्माला माती दिली आणि आज हे उपदेशाला उभे! ख्रिस्तराजाचा रविवार. म्हणाले, आपला राजा सिंहासनावर आहे, काल होता, उद्याही असेल. आवाज जरासुद्धा कापला नाही. सगळं चर्च माझ्याकडं बघत होतं — पाळकाची बायको रडते का!

नाही रडले. मनात एकच — बुधवारी संध्याकाळी कुठं होता हा राजा? देवळालीच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली बंद पडलेली. मागं दिवा नाही, काही नाही. माझी पोरगी शाळेत शिकवून स्कूटीवर घरी येत होती. ट्रॅक्टरवाला पळून गेला. गोरक्ष नाव, जामखेडकडचा, असं पोलीस सांगतात.

जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होते. किती जणींची बाळंतपणं केली. स्वतःच्या लेकीला हातसुद्धा लावू दिला नाही कुणी.

२५ नोव्हेंबर

तिचा टॉवेल दोरीवर तसाच आहे. काढवत नाही.

३० नोव्हेंबर, आगमनाचा पहिला रविवार

नाताळपर्यंत चार रविवार प्रभूच्या येण्याची वाट बघायची. मी चर्चला गेले नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच.

दुपारी शेजारच्या बनुबाई आल्या. प्रभूची इच्छा, म्हणाल्या. मी उठून आत गेले. चहासुद्धा विचारला नाही.

हे आल्यावर विचारलं, राजा आहे तर त्याचं राज्य रस्त्यावर का चालत नाही? ह्यांनी बायबल टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "मला माहीत नाही."

मग तिथं उभं राहून कशाला सांगता लोकांना?

"लोकांना नाही गं. सांगायचं थांबलो तर मीच उरणार नाही."

जेवले नाहीत. मीही नाही.

४ डिसेंबर

प्रार्थना येत नाही. डोळे मिटले की ट्रॉली दिसते.

९ डिसेंबर

आज कळलं, हे रोज संध्याकाळी कुठं जातात ते! कारखान्यामागं ऊसतोडीवाल्यांच्या पाचटाच्या झोपड्या आहेत, त्या कोप्यांवर. त्या गोरक्षची बायको आहे तिथं. पूजा. दिवस भरत आलेत. नवऱ्याचा पत्ता नाही. बाकीची टोळी पहाटेच फडात जाते, ही एकटी पडून. हे तिला दूध नेतात. माझ्या घरातलं दूध!

खूप बोलले. बोलू नये ते बोलले. तुम्हाला रेश्मा आठवते तरी का, असंही.

"ती पूजा पण वाट बघतीये," एवढंच म्हणाले.

बघू दे. आम्ही कशाची बघायची, ते सांगा. दार लावून घेतलं.

१४ डिसेंबर, तिसरा रविवार

आनंदाचा रविवार म्हणे.

१७ डिसेंबर

बोलणं बंदच आहे. ह्यांना ताप भरलाय. गोळी दिली, उशाशी पाणी ठेवलं. झोपेत रेश्माचं नाव घेत होते. बाहेर येऊन पायरीवर बसले. राजा, राज्य, सिंहासन — सगळे शब्द पोकळ वाजतात. तो असेल तर आम्हाला विसरलाय. नसेल तर ह्यांचं आयुष्य वाया गेलं, आणि माझंही.

२१ डिसेंबर, चौथा रविवार

सकाळी टोळीतली एक बाई धापा टाकत आली. "पाळकसाहेब, पूजाला लई तरास हुतोय." ॲम्ब्युलन्सला फोन लावला, गाडी लांब होती. हे तापातच उठायला गेले, भिंत धरून खाली बसले. माझ्याकडं बघितलं नाही. काही मागितलं नाही.

मी दवाखान्यातली जुनी बाळंतपणाची बॅग काढली.

कोपीत, गोधडीवर, मुलगी झाली. उशिरा रडली, पण रडली. पूजा म्हणाली, "बाई, तुमी कोन?"

"रेश्माची आई."

नाव तिला माहीत होतं. तोंड फिरवून हुंदके देत राहिली. मग बाळ उचलून माझ्यापुढं धरलं.

घेतलं मी. आणि तिथंच, पाचटाखाली, प्रभूला राजा म्हणाले. रागानंच म्हणाले. पण म्हणाले.