दारातली हजेरी

देवास, सोमवार

तीर्थरूप माईकाकूंच्या चरणी रत्नाकरचा नमस्कार.

धारच्या थंडीत तुमचा गुडघा कसा वागतो आहे? (फोनवरच विचारलं असतं, पण तुमची नात किमया फोन स्पीकरवर ठेवते, आणि पुढचा मजकूर घरभर ऐकू जावा असा नाही.) मी ठीक आहे. निदान तब्येतीने.

कंपनीत माझी दुसरी पाळी असते, म्हणून सकाळी मी मुलांच्या संस्थेत प्रौढांचा वर्ग घेतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. खोली एकच. अकरापर्यंत तिथे बालवाडी. मग मुलं अंगणात खेळतात आणि त्यांच्या चिमुकल्या खुर्च्यांवर माझे विद्यार्थी बसतात. निवृत्त चौकीदार गणपतराव एकदा उठले ते खुर्चीसकट. दोघांनी खुर्ची ओढली, मी गणपतरावांना, आणि स्वयंपाकघराच्या दारातून उमाबाई ओरडल्या, "अरे भिया, पहले उनको सांस तो छोड़ने दो!"

या उमाबाई मुलांची खिचडी करतात. पातेलं चुलीवर चढलं की डाव हातात घेऊन त्या दारात उभ्या राहायच्या आणि फळ्यावरचं मोठ्याने वाचायच्या. (मला त्याचा त्रास व्हायचा, हे खोटं कशाला सांगू?) मागच्या आठवड्यात प्रौढांच्या परीक्षेचे फॉर्म आले, तेव्हा त्या पदराच्या गाठीतून स्वतःचा फोटो काढून माझ्यापुढे उभ्या राहिल्या. खास स्टुडिओत जाऊन, केस चापून बसवून काढलेला. मी रजिस्टर उघडलं. त्यांचं नाव कुठेच नव्हतं. भिंतीवर मीच लावलेला नियम मी दाखवला: पंचाहत्तर टक्के हजेरीशिवाय परीक्षेला बसता येणार नाही. आणि माई, याची मला फार लाज वाटते, त्यांना नीट समजावा म्हणून तो मी त्यांनाच वाचायला सांगितला.

त्यांनी तो एकदाही न अडखळता वाचला. शंभर टक्के हजेरीचे गणपतराव शेजारीच होते, त्यांनी विचारलं, "क्या लिखा है, बाई?"

"लिखा है कि तुम पढ़े-लिखे हो, दादा," उमाबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "हाजरी तो खिचड़ी की लगती थी, भिया. मेरी कैसे लगती?" फोटो पुन्हा गाठीत गेला. तेव्हापासून अकरा वाजले की स्वयंपाकघराचं दार बंद होतं. वर्गात आता पूर्ण शांतता असते, आणि मला शिकवायला सुचत नाही.

घरी येऊन माझी रोजनिशी चाळली. त्रेपन्न दिवसांच्या वर्गात सत्तेचाळीस दिवशी माझ्याच अक्षरात नोंद आहे: 'आजही दारात उमाबाई. व्यत्यय.' म्हणजे हजेरी मी रोज लावत होतो, फक्त तक्रार म्हणून.

भाऊंना नमस्कार. तुम्ही रागावलात तरी तुमचाच,
रत्नाकर

ता. क. पंचाहत्तर टक्क्यांचा नियम संस्थेचा नाही. आमच्या कॉलेजात होता, म्हणून मी आपला लावून टाकला. कुणी विचारलंच नाही.

ता. क. २. खरं काम असं: शनिवारी परीक्षा आहे, उमाबाईंना बसवायचं आहे, पण मुलांना त्या दिवशीही खिचडी लागणार. मी एकदा केली होती. मुलांनी ती अंगणातल्या कुत्र्याला घातली आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. घरच्या कार्यांत तुम्ही शंभर-शंभर पानं उठवलीत. एक दिवस याल का?

ता. क. ३. पाकीट बंद करताना लक्षात आलं की उमाबाईंना मी विचारलेलंच नाही. जाऊन स्वयंपाकघराचं दार वाजवलं. सत्तेचाळीस दिवसांची नोंद दाखवली, माफी मागितली, खिचडी तुम्ही कराल असंही सांगून बसलो. त्यांनी शांतपणे हात पुसले. "साठ बच्चों की खिचड़ी में माईजी पानी कितना डालती हैं?" तुम्हाला विचारून सांगतो, असं मी म्हटलं. म्हणाल्या, "तो पहले उनका इम्तिहान मैं लूँगी."

तेव्हा शुक्रवारीच या, माई. तुम्ही पास झालात, तरच त्या बसणार आहेत.