लोकल म्हटलं का दांडा वर

शनिवार, २ मे. सकाळी.
अन् वरून गाडीवाला म्हणते, टोल तुमच्या डिपॉझिटमधून कटन. कायले कटन? गाडी भाड्यानं घेतली, रस्ता नाई घेतला. धरमसिंग गाडीवाल्यानं माझं आधार कार्डबी ठेवून घेतलं. गाडी वापस आणली का देतो म्हणे. मी काय चोर हाय?
उद्या हैदराबादले नातीचा पहिला वाढदिवस. राजदीप म्हणे, आई, एसटीनं ये. सुनेचे मायबाप कारनं येतीन अन् मी एसटीनं?

दुपारी.
उपाय सापडला. काचावर टॅग चिकटवला हाय, त्यातून टोल कटते. टॅगच नाई तं कटन कशातून? उलथन्यानं खरवडला. दोन तुकडे झाले, पर्समध्ये ठेवले.
राजदीपचे बाबा तीस वर्षं एसटीवर ड्रायव्हर. थे म्हणे, टॅग नसला तं डब्बल लागते. म्हटलं, तुमची एसटी वेगळी. माझं माहेर झरीकडचं, भाऊ धम्मरत्न सरपंच. त्याच्या जीपमधून तिकडच्या टोलनाक्यावरून किती खेपा गेली. 'लोकल' म्हटलं का दांडा वर.

रविवार, ३ मे. सकाळी ९. पांढरकवड्याजवळचा टोलनाका.
'लोकल' म्हटलं. आतली पोरगी म्हणे, आधार दाखवा मावशी. आधार धरमसिंगजवळ. भावाचं नाव सांगतलं. म्हणे, थे तं मागच्या इलेक्शनले पडले. मले माहीत हाय, पण तिले कोणं सांगतलं?
मागं ट्रकवाले हॉर्न वाजवून राह्यले. गाडी बाजूले लावाले लावली.

९.४०
डब्यातल्या भातानं टॅग चिकटवला. मशीन वाचत नाई. मशीनच खराब हाय.

१०.३०
राजदीपचे बाबा म्हणे, देऊन टाक. म्हटलं, मेली तरी देत नाई. तेवढ्यात हैदराबादची एसटी आली, ड्रायव्हर यायच्याच हाताखाली शिकलेला. यायनं लाडवाचा डबा उचलला. म्हणे, मी केक कापून येतो, तू भांड. चढलेबी.
ठीक हाय. घंटाभरात येतीन.

१ वाजता
आले नाई. ऊन मी म्हणते. भावाचं गाव जवळच हाय, पण त्याले कालच सांगतलं का आता आम्ही कारनं फिरतो.
टोलवरची पोरगी पाणी देऊन गेली. म्हणे, मावशी, सोबत कोणी नाई काय? म्हटलं, मी सुट्टीवर हाय.

४ वाजता
डब्बल देल्ला. हारली म्हणून नाई, सावली पलीकडं हाय म्हणून. नाक्यावरच्या माणसानं गाडी पलीकडं निंबाखाली लावून देल्ली. आता मी हैदराबादच्या बाजूले हाय. पुढचं सोपं.

६ वाजता
मले गाडी चालवता येत नाई.
व्हिडिओ कॉलवर केक पाह्यला. नात याहीणबाईच्या, सुनेच्या मायच्या, मांडीवर. यायच्या दोन्ही हातात लाडू. राजदीप म्हणे, आई, कुठपर्यंत आली? म्हटलं, टोल पार केला. खोटं कुठं हाय?
शेवटी भावाले फोन केला. जीप आली, दांडा वर झाला. जीपच्या काचावर पाह्यलं तं टॅग. म्हणे, ताई, पयलेपासूनच हाय. लोकल तं तू एकटीच म्हणत होती.
आजची झोप त्याच्या घरी. पण कार इथंच निंबाखाली. हैदराबादले जावं तं ड्रायव्हर नाई, घरी जावं तं हाच नाका, पुन्हा डब्बल. अन् कार देल्ल्याशिवाय आधार नाई.
यायले मेसेज टाकला. राजदीपच्या बाबा, उद्या सोमवारी दुपारी बारापर्यंत साफ सांगा, या गाडीचं तोंड कोणीकडं करायचं.