त्याच्या नावाचा फोल्डर

रविवार, १४ जून

प्रिय सूनबाई,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या सासूबाईंचा गुडघा कुरकुरतो, आणि गुडघ्यापेक्षा त्या जास्त. ठमीचा पुढचा दात पडल्याचं कळलं. बोळकं कसं दिसतं ते कळव.

आता कामाचं. मी पाठवलेल्या प्रोग्रामात तुला फोटोंची नावं, तारखा दिसतात, पण चौकट रिकामी येते. दोष प्रोग्रामचा नाही. क्लासची पायरी न चढता लिहिलाय, तरी कच्चा नाही. डेटाबेसमध्ये फोटो नसतो, तो कुठे ठेवलाय त्याचा पत्ता असतो. त्या प्रत्येक पत्त्यात आमच्या मुलाचं नाव आहे, कारण फोटो त्याच्या कॉम्प्युटरवर, त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये होते. तुझ्याकडे त्या नावाचा फोल्डरच नाही, म्हणून प्रोग्राम दारावरून परत फिरतो.

उपाय सोपा. नावाच्या जागी व्हेरिएबल टाकायचं. मग प्रोग्राम ज्याच्या कॉम्प्युटरवर चालेल, त्याचं नाव तिथे आपोआप भरलं जातं. एका ओळीची आज्ञा. तरी मी महिनाभर ‘काम किचकट आहे’ म्हणत राहिलो, आणि शेवटी फोनवर भलतंच सुचवलं, की तुझ्याकडच्या कॉम्प्युटरवर त्याच्याच नावाचं खातं उघड. तू हळूच म्हणालीस, “बाबा, हा कॉम्प्युटर ह्यांचा आहे.”

फोन ठेवला तर तुझ्या सासूबाई समोर उभ्या. “बिघडलंय कोण? यंत्र की तुम्ही?”

“तुला यातलं काही कळत नाही.”

“एवढं कळतं, की ठमीला बापाचं तोंड दिसत नाहीये.”

तो गेल्यानंतरच्या तुझ्या या लग्नाला आम्ही आलो नाही, त्याचं कारण गुडघा नव्हता. तुला ते ठाऊक असणारच.

आज सकाळी आज्ञा दिली. सगळ्या ओळींतून त्याचं नाव एका दमात गेलं. मग एकेक ओळ खाली सरकवत बघत बसलो, कुठे एखादं राहिलंय का. माझं काम पक्कं असतं. एकही राहिलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, थोडी चूक व्हायला हवी होती.

सोबतच्या डिस्कवर नवा प्रोग्राम आणि फोटो आहेत. फोटो तुझ्या यजमानांच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायचे. त्यांनाच सांग, नीट करतील. ठमी बापाच्या खांद्यावर बसलीय असा एक फोटो आहे. तो त्यांनीही बघावा.

तुम्हा तिघांना आशीर्वाद.

बाबा